हायवे वनवर मुक्काम: तंबूची आणि आरव्हीची जागा कशी निवडावी

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की बे एरियातल्या मराठी घरांत हायवे वनच्या सहलीचे बेत सुरू होतात. हॉटेलं महाग, म्हणून कोणी माळ्यावरचा तंबू काढतं, कोणी आरव्ही भाड्याने घेतं. मग कॅम्पग्राउंड शोधलं जातं ते फोटो बघून: कड्यावर तंबू, खाली निळाशार समुद्र. फोटो खोटे नसतात. पण रात्री दोन वाजता त्या कड्यावर वारा किती सुटतो आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, हे त्यांत दिसत नाही. म्हणून जागेचा विचार रात्रीपासून सुरू करावा, देखाव्यापासून नव्हे. पुढचा क्रम सॅन फ्रान्सिस्को ते व्हेंचुरा या किनाऱ्यासाठी आहे.

आधी कोण झोपणार आहे ते लिहून काढा. गुडघे दुखणारे आजोबा, रात्री दोनदा उठणारी आजी, डायपरमधलं बाळ: यांतलं जे सर्वांत नाजूक माणूस असेल, त्याच्या सोयीनेच जागा निवडायची. बिग सरच्या दक्षिणेचं कर्क क्रीक याचं चांगलं उदाहरण आहे. जवळजवळ प्रत्येक जागेवरून समुद्र दिसतो, पण तिथे पिण्याचं पाणी नाही आणि संडास फ्लश नसलेले, खड्ड्यावरचे आहेत. तरुण मंडळींनी अवश्य जावं, पाण्याचे कॅन भरून न्यावेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर उत्तरेला फायफर बिग सर स्टेट पार्क बघा. तिथून समुद्र दिसत नाही. रेडवूडची झाडं आणि नदी आहे, फ्लशचे संडास आहेत, आंघोळीला गरम पाणी आहे. समुद्रावर दिवसा गाडीने जाता येतं. मात्र जवळच्या फायफर बीचच्या अरुंद रस्त्यावर आरव्हीला बंदी आहे, त्यामुळे आरव्हीवाल्यांना वेगळी गाडी लागेल.

मग महिना ठरवा. जून-जुलैत सॅन होजेला घाम फुटत असतो तेव्हा हाफ मून बेला धुकं दुपारपर्यंत हलत नाही. पाणी साधारण 12 ते 14 अंश सेल्सियस असतं, त्यात कोकणासारखं डुंबता येत नाही. पाहुणे कधीही येवोत, तुमच्या हातात असेल तर सप्टेंबर किंवा ऑक्टोबर धरा. आकाश मोकळं असतं, वारा बसलेला असतो आणि शाळा सुरू झाल्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दीही कमी असते. उन्हाळ्यातच जायचं असेल तर थंडीचे कपडे भारतातल्या पाहुण्यांसाठी जास्तीचे न्या.

तंबूवाल्यांनी यानंतर वाऱ्याकडे बघावं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथे दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. हाफ मून बेचं फ्रान्सिस बीच उघड्या मैदानावर आहे. देखावा अप्रतिम, आडोसा जवळपास नाही. कॅपिटोलाजवळचं न्यू ब्रायटन कड्यावरच असलं तरी तिथे झाडी आहे. मी तंबूसाठी न्यू ब्रायटन निवडेन. झाडीतही निलगिरीच्या मोठ्या फांदीखाली तंबू ठोकू नका, त्या वाऱ्यात मोडून पडतात. तंबूचं दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे आग्नेयेकडे ठेवा. वाळूत नेहमीच्या खुंट्या उपटून येतात. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या घ्या किंवा पिशव्यांत वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधून पुरा.

सकाळी तंबूच्या आतल्या कापडाला हात लावलात तर ओला लागेल. तंबू गळतोय असं वाटून लोक रात्री सगळ्या झडपा घट्ट बंद करतात, आणि तिथेच बिघडतं. ते पाणी बहुधा आपल्याच श्वासातलं असतं, थंड कापडावर जमलेलं. वरची झडप बोटभर तरी उघडी ठेवा आणि स्लीपिंग बॅग भिंतीला टेकू देऊ नका.

आरव्हीचा हिशेब वेगळा. पहिला प्रश्न लांबीचा. बुकिंगच्या पानावर प्रत्येक जागेची कमाल लांबी दिलेली असते. तुमच्या गाडीची लांबी शिडी आणि मागे अडकवलेला सायकलचा रॅक धरून मोजा. दुसरा प्रश्न हुकअपचा, म्हणजे जागेवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी आहे का. किनाऱ्यावरच्या बऱ्याच सरकारी पार्कांत यांतलं काहीच नसतं. मॉरो बे स्टेट पार्कमध्ये काही जागांना वीज-पाणी आहे. तिन्ही जोडण्या हव्यात तर बहुधा पिस्मो बीचसारख्या ठिकाणच्या खाजगी आरव्ही पार्कात जावं लागतं. तिथे गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, पण घरातल्यांना औषधं फ्रिजमध्ये ठेवायची असतील किंवा रात्री श्वासाचं मशीन लावायचं असेल, तर मी दाटी पत्करेन.

विजेची जोडणी 30 अँपिअरची असेल तर 120 व्होल्टला 3600 वॉट मिळतात. छोटा हीटर 1500 घेतो, इन्स्टंट पॉट सुमारे 1000. म्हणजे हीटर सुरू ठेवून खिचडी लावता येते. त्यातच मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. जोडणी नसेल तर बॅटरीवर भागवायचं. गाडीची भट्टी प्रोपेनवर चालत असली तरी तिचा पंखा रात्रभर बॅटरी खातो, हे भाड्याची गाडी देणारे नेहमी सांगत नाहीत. जनरेटर स्टेट पार्कांत सर्वसाधारणपणे सकाळी 10 ते रात्री 8 एवढ्याच वेळात लावता येतो. पाण्याची टाकीही नीट विचारून घ्या. घरच्यासारख्या आंघोळी केल्या तर चार माणसांना ती एक दिवसही पुरत नाही, म्हणून शॉवर असलेलं कॅम्पग्राउंड आणि सांडपाणी रिकामं करायचं वाटेवरचं डंप स्टेशन दोन्ही आधी शोधून ठेवा.

दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल, काही तंबूत, काही आरव्हीत, तर दोन्ही चालतात का ते तपासा. व्हेंचुराजवळच्या रिंकन पार्कवेवर फक्त आरव्हीच राहू शकतात. उलट पायी जाण्याच्या जागांवर फक्त तंबू. स्टेट पार्कांत एका जागेवर बहुधा 8 माणसांची मर्यादा असते, तेव्हा शेजारशेजारच्या जागा घ्या.

आता कॅम्पग्राउंडचा नकाशा उघडा आणि उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघा. स्वच्छतागृहापासून चार-पाच जागा सोडून असलेली जागा उत्तम: चालायला जवळ, पण रात्रभर दाराचा आवाज आणि दिव्याचा उजेड नाही. रेल्वेचे रूळ शोधा. कार्पिंटेरियाचं कॅम्पग्राउंड सुंदर आहे, मात्र रूळ अगदी लगत आहेत आणि गाड्या रात्रीही जातात. झोप सावध असणाऱ्यांनी रुळांपासून लांबची रांग घ्यावी. त्सुनामीच्या इशाऱ्याची पाटी असलेल्या सखल भागात राहणार असाल तर चढावर जायची वाट दिवसाउजेडी बघून ठेवा. जोराचा भूकंप जाणवला तर भोंग्याची वाट न बघता चढायचं असतं.

रस्ता शेवटी तपासतात, तो खरं तर बुकिंगच्या आधी तपासावा. मे 2017 मध्ये मड क्रीकला डोंगर घसरून हायवे वन बंद पडला, तो जुलै 2018 मध्ये सुरू झाला. त्यानंतरही दरडींनी तो वेगवेगळ्या जागी बंद झाला आहे. राज्याच्या रस्तेखात्याच्या, म्हणजे कॅलट्रान्सच्या नकाशावर रस्ता सलग सुरू आहे याची खात्री करा. बिग सरमध्ये फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आणि बुकिंगची पावती कागदावर घ्या. इंधन कार्मेलला किंवा केंब्रियाला भरून घ्या. जळणाचं लाकूड मात्र घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. किनाऱ्यावरच्या ओक झाडांना मारणारा रोग लाकडाबरोबर पसरतो.

बहुतेक स्टेट पार्कांचं बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या संकेतस्थळावर सहा महिने आधी, सकाळी 8 वाजता उघडतं आणि चांगल्या जागा मिनिटांत जातात. आधीच लॉग-इन करून तीन-चार जागांचे नंबर क्रमाने लिहून बसा. नाही मिळालं तर रोज डोकावत राहा, रद्द झालेल्या जागा पुन्हा दिसतात. आणि तुमचं जाणं जमणार नसेल तर बुकिंग वेळेवर रद्द करा. थोडे पैसे कापले जातील, पण ती जागा रिकामी राहणार नाही.