मृदू क्ष-किरण आणि रेणूंचे अंतरंग

क्ष-किरण म्हटले की आपल्याला मोडलेल्या हाडाचा फोटो आठवतो. १८९५ साली रोंटगेन यांनी ते शोधले, तेव्हापासून ही ओळख पक्की झाली. परंतु याच कुळात मृदू क्ष-किरणही आहेत. ते शरीरापार जात नाहीत. हवेतही लवकर शोषले जातात. म्हणून त्यांचे प्रयोग निर्वात पेटीत करतात. मात्र हे शोषणच शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते.

प्रत्येक मूलद्रव्याचा एक ऊर्जेचा उंबरठा ठरलेला असतो. कार्बनचा सुमारे २८४, नायट्रोजनचा ४१०, तर ऑक्सिजनचा ५४३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. किरणांची ऊर्जा तेथे पोचली की अणूच्या अगदी आतला इलेक्ट्रॉन ती घेतो व शोषण एकदम वाढते. शेजारचे अणू व बंध बदलले की शोषणाच्या रेषाही बदलतात. या रेषा वाचणे म्हणजेच शोषण-वर्णपटविज्ञान होय.

असे किरण मिळविण्यासाठी इंदूरच्या इंडस-२ सारखे सिंक्रोट्रॉन यंत्र लागते. त्याच्या कड्याचा परीघच १७२.५ मीटर आहे! शिवाय सिंक्रोट्रॉनचे स्पंद सामान्यतः कित्येक पिकोसेकंदांचे असतात. रेणूतील बंध त्याहून कितीतरी लवकर तुटतो. तेथे फेम्टोसेकंदाचे माप लागते. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद.

येथे लेसर मदतीला येतो. अतिलघू स्पंदांचा प्रखर लेसर हेलियम किंवा निऑन वायूवर रोखला की त्याचे विद्युतक्षेत्र अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढते, वेग देते आणि उलटताच परत अणूवर आणून आदळते. त्या क्षणी मिळविलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. फ्रान्समध्ये १९८७ साली आन लुइलिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेचा पाया घातला. २०२३ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे. लेसरची तरंगलांबी वाढविली की या प्रकाशाची ऊर्जा मृदू क्ष-किरणांपर्यंत पोचते. ही सारी सामग्री एका प्रयोगशाळेत मावते.

२०१७ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे याच रीतीने सायक्लोहेक्साडाईन या रेणूचे सहा कार्बनांचे कडे अतिनील प्रकाशाने उघडताना पाहिले गेले. 

अर्थात, हा प्रकाश फार क्षीण असतो, म्हणून सिंक्रोट्रॉनची गरज संपलेली नाही. पण रसायनशास्त्राच्या पुस्तकात अभिक्रियेच्या दोन बाजूंमध्ये जो बाण आपण सहज काढतो, त्या बाणाच्या आत काय घडते, हे आता दिसू लागले आहे. आणि ही गोष्ट दूरचीही नाही. उन्हात आपल्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, त्याची सुरुवात अशाच एका कड्याच्या उघडण्याने होते.