काळ्या मोहऱ्यांचा डाव

जॉर्जिया देशात काळ्या समुद्राच्या काठी बातुमी नावाचे शहर आहे. २०२५ सालच्या जुलै महिन्यात तेथे महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची स्पर्धा भरली होती. अंतिम सामन्यात समोरासमोर बसल्या त्या दोघीही भारतीयच. एक आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपी आणि दुसरी नागपूरची दिव्या देशमुख. हंपी यांनी २००२ साली, वयाच्या १५ व्या वर्षी, ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. १९ वर्षांच्या दिव्यापाशी तो किताब अद्याप नव्हता.

बुद्धिबळात पहिली खेळी नेहमी पांढऱ्या मोहऱ्यांची असते. हा अग्रमान एकाच खेळीचा, म्हणून क्षुल्लक वाटतो खरा. परंतु तुल्यबळ खेळाडूंच्या लढतीत त्याला फार किंमत असते. पांढऱ्या बाजूने चढाईचा बेत मांडावा आणि काळ्या बाजूने आधी त्याचा रोख ओळखावा, असा हा प्रकार आहे. म्हणून काळी मोहरी घेऊन खेळताना डाव बरोबरीत सुटला, तरी पुष्कळांना समाधान वाटते.

या सामन्याचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलै रोजी जलद डाव खेळविण्यात आले. अशा डावात प्रत्येकीला अवघी १५ मिनिटे मिळतात व दर खेळीमागे १० सेकंदांची भर पडते. वेळ सरत आला म्हणजे कसलेल्या खेळाडूचाही हिशेब चुकतो. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी हंपी यांच्याकडे व काळी दिव्याकडे आली.

डाव पुष्कळ लांबला. विचाराला उसंत उरली नाही. त्या घाईत हंपी यांच्यासारख्या मुरलेल्या खेळाडूच्या हातून चूक झाली, आणि दिव्याने ती नेमकी हेरली. अखेर हंपी यांनी हार मान्य केली. दिव्याचे डोळे भरून आले. तिने जवळच असलेल्या आईला मिठी मारली व ती मनसोक्त रडली.

या स्पर्धेतील विजेतीस ग्रँडमास्टर हा किताब देण्याचा नियम होता. एरवी त्यासाठी कित्येक स्पर्धांतून पात्रता सिद्ध करावी लागते. दिव्याला तो त्या एका सायंकाळी लाभला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. हा किताब मिळविणाऱ्या भारतीय महिलांत तिचा क्रमांक चौथा. पहिला क्रमांक हंपी यांचा होता.