देवाला पुत्र कसा?

गेल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हाला विचारले, "फादर, माझा मुस्लिम मित्र म्हणतो, देवाला पत्नी नाही, मग मुलगा कसा? मला उत्तर देता आले नाही."

मित्राचा प्रश्न थेट कुराणातला आहे (6:101). देव कोणाला जन्म देत नाही आणि स्वतः जन्मतही नाही, असे 112 वा अध्याय सांगतो. मात्र देवाला शरीरसंबंधातून मूल झाले, असे आपणही मानत नाही. तसे मानणे हे पाखंडच! 1215 सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने तर शिकवले, की ईश्वरी तत्त्व जन्म देतही नाही, घेतही नाही. जन्म देतो तो पिता आणि जन्मतो तो पुत्र. व्यक्ती वेगळ्या, तत्त्व एकच.

संत योहान पुत्राला 'शब्द' म्हणतात. मनात विचार उमटतो, पण म्हणून मनाचे दोन तुकडे होत नाहीत. (दाखला तोकडा आहे, हे आम्ही जाणतो.) कुराणही येशूला देवाचा शब्द म्हणते (4:171).

इथेच वाटा फुटतात. मुस्लिमांच्या श्रद्धेनुसार येशू देवाच्या आज्ञेने निर्माण झालेला पैगंबर आहे. पुत्र निर्मिलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे, असे 325 साली नायसिया धर्मसभेने जाहीर केले. हे अंतर गोड बोलून बुजवू नये.

आम्ही त्या तरुणाला म्हटले, "मित्र जे नाकारतो, ते आपणही नाकारतो, हे त्याला आधी सांग. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय दोघे मिळून वाचा." येत्या रविवारी तो मित्राला घेऊन आमच्याकडे चहाला येणार आहे.