सांडपाण्यावरची मासळी : गार्डन रीचचा धडा

गोदामे धान्याने भरलेली असली म्हणजे अन्नसुरक्षा साधली, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने हा समज खोटा ठरविला. या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की त्या वर्षी बंगालमधील धान्याची उपलब्धता १९४१ पेक्षा अधिक होती. तरीही शेतमजूर आणि मच्छीमार उपाशी मेले, कारण वाढलेल्या किमतीला धान्य घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी उरली नव्हती.

१९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यामागे हाच अनुभव आहे. सर्व माणसांना, सर्व काळी, पुरेसे, सुरक्षित व पोषक अन्न मिळण्याजोगे असावे आणि ते त्यांना परवडावे, असा तिचा आशय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्येही जगातील सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते. त्यांच्यासाठी अन्न वाढवावयाचे, पण जमीन व पाणी यांचा नाश न करता वाढवावयाचे, हा आजचा खरा प्रश्न होय. त्याचे एक छोटे पण बोलके उत्तर कोलकात्याच्या गार्डन रीच भागात सापडते.

मुदियालीची सहकारी संस्था

हुगळीच्या काठी वसलेले गार्डन रीच म्हणजे गोदी, जहाजबांधणी आणि कारखान्यांचा दाट वस्तीचा भाग. याच परिसरात, बंदराच्या मालकीच्या दलदलीच्या जमिनीवर, मुदियाली मच्छीमार सहकारी संस्थेने आपला व्यवसाय उभा केला. जमीन भाडेपट्ट्याची, सभासद गरीब मच्छीमार कुटुंबांतील आणि हाती आलेले पाणी म्हणजे आसपासच्या कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी! या पाण्याकडे संस्थेने संकट म्हणून न पाहता कच्चा माल म्हणून पाहिले. १९९० च्या दशकातील अभ्यासांनुसार सुमारे ८० हेक्टरांच्या या क्षेत्रात दररोज सुमारे २ कोटी ३० लाख लिटर सांडपाणी येत असे.

पाणी कसे शुद्ध होते?

ही पद्धत समजण्यास सोपी आहे. आलेले पाणी प्रथम संथ करून त्यातील गाळ खाली बसू दिला जातो. पाण्याची आम्लता कमी करण्यासाठी त्यात चुना मिसळतात. पुढे ते जलपर्णीच्या पट्ट्यांतून जाते. एरवी तळ्यांचा शत्रू मानली जाणारी ही वनस्पती येथे मित्र ठरते, कारण तिच्या मुळांत तेलकट द्रव्ये व काही जड धातू अडकतात. त्यानंतर पाणी एकातून दुसऱ्यात अशा तळ्यांच्या मालिकेतून वाहते. तळी उथळ असल्याने सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो, सूक्ष्म शेवाळ वाढते, पाण्यात प्राणवायू मिसळतो आणि रोगजंतू घटतात. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर प्लवंग पोसतात व त्यांवर रोहू, कटला, मृगळ, चंदेरा यांसारखे मासे वाढतात. शेवटी बाहेर पडणारे पाणी आले त्याहून पुष्कळ स्वच्छ होऊन कालव्यावाटे हुगळीस मिळते.

विकतचे खाद्य फारसे लागत नसल्याने उत्पादनखर्च कमी राहतो. बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असल्याने वाहतूक व नासाडीही कमी होते. स्वस्त व ताजी प्रथिने शहराला मिळतात आणि मच्छीमाराच्या हाती ती विकत घेण्याचे उत्पन्नही येते. रोमच्या व्याख्येतील उपलब्धता आणि ऐपत या दोन्ही बाजू येथे एकाच तळ्यात एकत्र आल्या. संस्थेने झाडे लावून या परिसराचे निसर्गोद्यानही केले.

जमाखर्चात न दिसणारी सेवा

शहराच्या पूर्वेस हेच तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर दिसते. तेथील सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेशाचे महत्त्व अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे मांडले आणि २००२ साली त्यास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तथापि अशा जमिनींवर बांधकामाचा दबाव सतत असतो. मुदियालीतही जमिनीवरून बंदर प्रशासन व संस्था यांच्यात वाद निर्माण झाला.

याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. तळे बुजवून बांधलेल्या गोदामाचे भाडे जमेच्या बाजूस दिसते. तळ्याने शुद्ध केलेल्या पाण्याचे मोल मात्र कोणत्याच खातेवहीत लिहिले जात नाही. ते तळे गेले, तर त्याच कामासाठी शुद्धीकरण केंद्र बांधावे लागेल, त्याची वीज व देखभाल यांचा खर्च करदात्यांवर पडेल आणि मच्छीमार कुटुंबांची उपजीविका संपेल. निसर्ग हे मुद्दल आहे आणि मासळी हे त्यावरील व्याज. व्याजावर जगणारा टिकतो, मुद्दल मोडणारा एकदाच श्रीमंत होतो.

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हा हिशेब प्रत्यक्ष मांडला आहे. पावसाचे किती पाणी जमा झाले, हे पाहून ग्रामसभा पिके ठरविते. पाण्याचा ताळेबंद तेथे शब्दशः मांडला जातो.

सावधगिरी आणि बँकांचे कार्य

या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकणे योग्य नव्हे. कारखान्यांच्या सांडपाण्यात जड धातू असू शकतात व ते माशांच्या शरीरात साठू शकतात. म्हणून कारखान्यांनी आपले पाणी उगमापाशीच शुद्ध करणे आणि मासळीची नियमित तपासणी होणे आवश्यक आहे. सुरक्षित नसलेले अन्न ही अन्नसुरक्षा होऊ शकत नाही.

दुसरी अडचण भांडवलाची. भाडेपट्ट्याची जमीन तारण म्हणून कमकुवत ठरते आणि पट्ट्याची मुदत अनिश्चित असेल, तर तळ्याची दुरुस्ती करण्यासही कोणी धजत नाही. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यव्यवसायासही लागू करण्याची घोषणा झाली. त्यामुळे मत्स्यबीज, चुना, जाळी यांसाठी खेळते भांडवल मिळण्याचा मार्ग खुला झाला. मात्र कर्जाबरोबर दीर्घ मुदतीचा पट्टा मिळाल्याशिवाय ही सोय अपुरीच राहील. असे प्रस्ताव तपासताना केवळ जमिनीची किंमत न पाहता व्यवसायाचे नियमित उत्पन्न, संस्थेची शिस्त आणि सभासदांचा परतफेडीचा इतिहास पाहणे अधिक हितावह ठरते.

जगाची भूक एका तळ्याने भागणार नाही, हे खरे. परंतु प्रत्येक शहराला आपले सांडपाणी कोठे तरी सोडावेच लागते आणि आपले अन्न कोठून तरी आणावेच लागते. या दोन गरजांची गाठ घालणारे मच्छीमार जेथे आहेत, तेथे त्यांच्या पायाखालची जमीन शाबूत राखणे, हीच शाश्वत अन्नव्यवस्थेतील पहिली व सर्वांत किफायतशीर गुंतवणूक होय.