क्लचचं पॅडल खाली बसलं तर: जुन्या मारुतीची घरच्या घरी दुरुस्ती

संगमनेरजवळच्या अकोल्यात राहून जुनी गाडी घेतली की घाट चुकत नाही. संगमनेरच्या बाजूला रस्ता सरळ आहे. पण राजूर, भंडारदरा, घाटघर म्हटलं की कोल्हार-घोटी रस्त्याने विठ्याचा घाट चढावाच लागतो. मे-जूनमध्ये काजवे बघायला आणि पावसाळ्यात धबधबे बघायला बाहेरची गर्दी लोटते. त्या रांगेत चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची, पुन्हा दहा फूट सरकवायची, असं तासभर चालतं. दुचाकीच्या किमतीत मिळालेल्या मारुतीचा क्लच नेमका अशा वेळी दगा देतो.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज बाजारात मिळणारी सगळ्यात नवी 800सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. तिच्यासारखाच तारेवर चालणारा क्लच जुन्या अल्टोत आणि ओम्नीतही असतो. त्यामुळे पुढची कृती थोड्याफार फरकाने या तिन्ही गाड्यांना लागू पडते. ओम्नीत मात्र इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे केबलची वाट वेगळी असते.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करा. पॅडलचा तुटलेला भाग बदलणं हे अर्धंच काम आहे. तो का तुटला हे शोधलं नाही, तर नवा भागही तिथेच तुटेल.

आधी ओळखा: तुटलंय काय?

पॅडल दाबलं की त्याच्या वरच्या टोकाचा आकडा केबल ओढतो. केबल गिअरबॉक्सवरचा लिव्हर खेचते, लिव्हर आतलं बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. या साखळीत घरच्या घरी हात घालता येतील अशा तीनच जागा आहेत.

1. पॅडल एकदम सैल होऊन जमिनीला टेकलं आणि परत वर येत नाही: केबल तुटली, किंवा केबलचा डोळा आकड्यातून निसटला.
2. पॅडल डावी-उजवीकडे डुलतं, दाबताना करकर वाजतं: पॅडलच्या शाफ्टवरचा बुश झिजला.
3. पॅडल दाबलं जातं, पण गिअर पडताना खरखर होते: आकडा झिजला किंवा वाकला, नाहीतर केबल ताणली गेली.

टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला. पॅडलला तारेऐवजी एखादा दट्ट्या जोडलेला दिसला आणि शेजारी तेलाचा ओघळ असला, तर तुमच्या गाडीचा क्लच तेलावर चालणारा आहे. ही कृती त्या गाडीसाठी नाही. ती मिस्त्रीकडे न्या.

साहित्य

- नवी क्लच केबल. दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा आणि जुनी केबल शेजारी धरून लांबी ताडून बघा.
- पॅडलचे नवे बुश. काही रुपयांची वस्तू आहे. केबल बदलताना तेही बदलून टाका.
- 8 ते 14 नंबरचे पाने, पक्कड, पेचकस, टॉर्च
- ग्रीस, गंज सोडवणारा स्प्रे, वायर ब्रश, कानस, पॉलिश पेपर
- स्टीलची पट्टी, सुतळी
- चाकांना लावायला दोन दगड किंवा लाकडाचे ठोकळे

केबल-बुशचा खर्च काहीशे रुपयांत भागतो. पॅडलच मोडलं असेल तर भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं पॅडल शोधा. घेण्यापूर्वी त्याचा आकडा नखाने चाचपून बघा. झिजलेला असेल तर दुसरं मागा.

गाडी उभी करणं

जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. 800 आणि अल्टोत गिअरबॉक्सवरचा लिव्हर बहुतेक वेळा बॉनेट उघडून वरूनच हाती लागतो. एअर फिल्टरचा डबा आड येत असेल तर तो बाजूला करा. खालून काम करायची वेळ आलीच, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. मजबूत स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालायचं नाही.

जुनी केबल काढणं

1. कशालाही हात लावण्यापूर्वी दोन्ही टोकांचे मोबाइलवर फोटो काढा. केबल कुठून वळते आणि कोणत्या क्लिपमध्ये अडकते ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.
2. गिअरबॉक्सच्या लिव्हरवर केबलच्या आट्यांवर बसलेला ॲडजस्टिंग नट असतो. त्यावर स्प्रे मारा आणि थोडा वेळ थांबा. गंजलेल्या नटावर जोर काढला तर आटे जातात.
3. नट सैल करून केबलचं टोक लिव्हरमधून सोडवा. लिव्हरच्या खाचेतली छोटी पिन पडून हरवणार नाही याकडे लक्ष ठेवा.
4. केबल धरून ठेवणाऱ्या कंसाचे बोल्ट आणि क्लिपा काढा.
5. केबिनमध्ये पॅडलच्या वरच्या आकड्यातून केबलचा डोळा काढा.
6. बाहेर ओढण्याआधी केबलच्या एका टोकाला सुतळी बांधा. जुनी केबल निघाली की सुतळी तिच्या वाटेवर राहते आणि नवी केबल त्याच वाटेने आणता येते. ओम्नीत याचा विशेष उपयोग होतो.
7. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातला रबरी बुश फाटला असेल तर बदला. पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येतं.

तुटलेला भाग वाचा

इथे घाई करू नका. जुनी केबल उन्हात नेऊन नीट बघा.

*डोळ्याजवळ तारा केरसुणीसारख्या पिंजल्या असतील,* तर केबल एका दिवसात तुटलेली नाही. तारा एकेक करून गेल्या. आकड्यावर ग्रीस नव्हतं, डोळा तिथे फिरत नव्हता आणि प्रत्येक वेळी पॅडल दाबताना तार त्याच जागी वाकत होती. आकड्याकडे बघा: तारेने त्यात खाच पाडली असेल. ती खाच तशीच ठेवून नवी केबल अडकवली, तर खाचेची धार नवा डोळा कापेल.

*केबलचं बाहेरचं आवरण जागोजागी वितळलेलं किंवा काळं पडलेलं असेल,* तर दोष क्लचमध्ये नाही, विजेच्या जोडणीत आहे. इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थची जाड वायर गंजली किंवा तुटली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो. क्लचच्या केबलची तार दोन्ही बाजूंना धातूला टेकलेली असते, म्हणून करंट तिच्यातून जातो आणि ती तापते. वर्षात दोनदा केबल तुटत असेल तर सगळ्यात आधी ही अर्थ वायर बघा. तिची दोन्ही टोकं वायर ब्रशने चकचकीत करून घट्ट आवळा. सडली असेल तर नवी टाका.

*तार ठणठणीत, पण एका वळणावर आवरण घासलेलं असेल,* तर इंजिनचं माउंटिंग तपासा. माउंटिंगचं रबर फाटलं की गाडी सुटताना इंजिन हलतं आणि केबलला हिसके बसतात.

*पॅडल महिनोन्‌महिने जड लागत होतं,* तर क्लच प्लेट झिजत आलेली असण्याची शक्यता मोठी. प्लेट झिजते तसं प्रेशर प्लेट दाबायला जास्त जोर लागतो आणि तो सगळा ताण केबलवर आणि आकड्यावर येतो. अशा गाडीला नुसती केबल टाकली तर प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो.

पॅडल, बुश आणि आकडा

पॅडल डुलत असेल किंवा आकड्यावर खाच असेल, तर पॅडल बाहेर काढा. शाफ्टच्या टोकावर दातेरी जोड असेल तर सोडवण्याआधी दोन्ही भागांवर खडूने नव्हे, पेचकसाने ओरखडून खूण करा. जोड एक दाता जरी सरकला तरी पॅडलची उंची बदलते. ब्रेकचं पॅडलही शेजारच्याच कंसात असतं. क्लच काढताना ब्रेकची पिन काढावी लागणार असेल, तर इथेच थांबून मिस्त्रीला बोलवा. ब्रेकवर प्रयोग नकोत.

1. जुने बुश ठोकून काढा, शाफ्ट पॉलिश पेपरने साफ करा. शाफ्टवर बोटाला जाणवेल इतकी खाच असेल तर नवा बुशही लवकर जाईल.
2. नव्या बुशात ग्रीस लावून शाफ्ट घाला. पॅडल स्वतःच्या वजनाने हललं पाहिजे, पण बाजूला डुलता कामा नये.
3. आकड्यावरची खाच हलकी असेल तर कानसीने धार मारून गोल करा.
4. खाच खोल असेल तर पॅडल वेल्डरकडे न्या. वेल्डिंगचा भराव टाकून मूळ आकार कानसीने घडवता येतो. प्लॅस्टिकचे बुश आधी काढून घ्या, नाहीतर उष्णतेने वितळतील. पॅडल गाडीतच ठेवून वेल्डिंग करू देऊ नका; खाली गालिचा आणि वायरिंग असतं.
5. दांड्यालाच तडा असेल तर वेल्डिंगवर विसंबू नका. दुसरं पॅडल घ्या.

नवी केबल बसवणं

1. सुतळीच्या वाटेने केबल ओढा. कुठेही तीव्र वळण नको आणि सायलेन्सरच्या गरम पाइपला स्पर्श नको.
2. डोळ्याला आणि लिव्हरच्या पिनला ग्रीस लावून दोन्ही टोकं अडकवा.
3. केबलच्या आत प्लॅस्टिकची नळी असेल तर तेल ओतू नका. तेलाला धूळ चिकटते आणि केबल उलट जड होते.
4. कंसाचे बोल्ट आणि क्लिपा फोटोप्रमाणे लावा.

मोकळी चाल लावणं

दुरुस्ती किती दिवस टिकेल ते इथे ठरतं. पॅडल हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला काही अंतर ते मोकळं जातं, मग जोर लागतो. हे मोकळं अंतर पट्टीने मोजा. या गाड्यांत ते साधारण 15 ते 25 मिलिमीटर ठेवतात. गाडीचं पुस्तक असेल तर त्यातलं माप धरा. ॲडजस्टिंग नट आवळला की अंतर कमी होतं, सैल केला की वाढतं.

अंतर अजिबात नसेल तर बेअरिंग सतत टेकून राहतं, क्लच घसरतो आणि प्लेट जळते. फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात. नट लावल्यावर पॅडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबा, म्हणजे नवी केबल जागी बसेल. मग पुन्हा मोजा. आठवड्याभराने आणखी एकदा बघा.

हाच नट पुढेही माहिती देत राहतो. केबल ताणली की मोकळी चाल वाढते. प्लेट झिजली की ती कमी होते. नट दर थोड्या दिवसांनी सैल करावा लागत असेल, तर प्लेटचे पैसे बाजूला काढायला लागा.

चाचणी

बॅटरी जोडा, गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि समोर मोकळी जागा ठेवा.

- क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला तर क्लच नीट सुटतोय.
- हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. इंजिन चालूच राहिलं आणि गाडी हलली नाही, तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर प्लेट तापते.
- मग सपाट रस्त्यावर सगळे गिअर टाकून बघा. लगेच विठ्याचा घाट चढायला निघू नका; आधी छोट्या चढावर थांबून सुटून बघा.

वाटेत केबल तुटली तर

घाटात तुटली तर गाडी कडेला लावा, दगड लावा, मदत मागवा. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर असाल, तर जुन्या मारुतीत एक उपाय आहे. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा. गाडी हिसका देऊन सुटेल. पहिल्यातच सावकाश जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जा. थांबण्याआधी ॲक्सिलरेटर सोडून गिअर न्यूट्रलला ओढा आणि ब्रेक लावा. गर्दीत हे करू नका.

क्लच टिकवायचा असेल तर चढावर थांबताना हाफ क्लचवर गाडी धरण्याची सवय सोडा. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. सुटताना हँडब्रेक सोडता सोडता क्लच सोडा. आणि घाटघर-रतनवाडीच्या बाजूला जाणार असाल तर एक नवी केबल, दोन पाने आणि टॉर्च डिकीत ठेवा. त्या भागात रात्री स्पेअर पार्ट मिळणं अवघड. पण केबल जवळ असेल तर रस्त्याच्या कडेलाही ती बदलता येते.