ब्राउझर आणि आपला ‘ऱ्य’

संकेतस्थळाची रचना एका ब्राउझरमध्ये नीटनेटकी दिसली म्हणजे काम संपले, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. तो किती अपुरा आहे, हे मी एका शब्दाच्या आधारे सांगणार आहे. सुरतेतील ज्या भागात मी राहतो, त्याचे नाव गोडादरा. खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथे राहतात. या नावाला प्रत्यय लागला की ‘गोडादऱ्यात’ असे रूप होते. हा ‘ऱ्य’ हिंदीत वा गुजरातीत नाही, आणि त्याचा ‘र्य’ झाला तर अर्थच पालटतो. भोजनासाठी ‘आचाऱ्यांना’ बोलावणे आणि ‘आचार्यांना’ बोलावणे यांतील भेद सांगावयास नको!

१९९७ साली नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या दोहोंच्या चौथ्या आवृत्त्या आल्या. पानासोबत फॉन्ट पाठविण्याची दोघांची तऱ्हा निराळी होती. एकाचा फॉन्ट दुसऱ्यास चालत नसे. शिवाय फॉन्टागणिक अक्षरांची संकेतयोजना वेगळी. योग्य फॉन्ट नसला की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. कन्नडचीही हीच कथा होती.

१९९१ च्या युनिकोडने दोन्ही लिपींतील अक्षरांस निश्चित क्रमांक दिले. पुढे २०१२ च्या डिसेंबरात ‘वॉफ’ हा फॉन्टप्रकार वेबसाठी प्रमाण ठरला. तरीही भेद उरतातच. कारण क्रमांकांवरून जोडाक्षर घडविण्याचे काम ब्राउझर व फॉन्ट मिळून करतात. म्हणून रचनाकाराने पुढील पथ्ये पाळावीत:

१. पानाच्या आरंभी यूटीएफ-८ ही संकेतपद्धती घोषित करावी.

२. भाषा ‘मराठी’ असल्याचे नोंदवावे. फॉन्टात सोय असल्यास ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे त्यामुळे मिळतात.

३. ‘ऱ्य’ सर्वत्र एकाच पद्धतीने टंकावा: ‘ऱ’, हलन्त, ‘य’. दुसऱ्या रीतीने टंकलेला शब्द डोळ्यांना सारखाच दिसला, तरी शोधात निसटू शकतो.

४. शोभेसाठी अक्षरांत अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते.

५. क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिन्हींत पान तपासावे. त्यांची अंतर्गत यंत्रणा वेगवेगळी आहे. जुन्या मोबाईलवरही एकदा पाहावे.

शुल्कमाफीची सूचना ज्या मुलाच्या मोबाईलवर वाचता येत नाही, त्याच्यापुरती ती निघालेलीच नसते. रचनेचे सौंदर्य त्यानंतरचे.