बारा चाकं, एक साचा

अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ‘विजयंता’ रणगाडा आहे. चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात १९६५ साली पहिला विजयंता बनला. मला त्याचं किट मिळालं नाही, म्हणून १:३५ स्केलमध्ये स्वतःच बनवायला घेतला.

आधी भागाकार. तोफेचा बोअर १०५ मिमी, भागिले ३५ म्हणजे बरोब्बर ३ मिमी. रुंदी सुमारे ३.१७ मीटर, म्हणजे साधारण ९०.५ मिमी. बॉडी प्लॅस्टिक शीटची कापली. पण चाकं? एका बाजूला सहा, एकूण बारा, आणि सगळी सारखी! इथे वर्कशॉपमधलं पॅटर्न आणि मोल्ड कामाला येतं.

एकच चाक नीट घासून मास्टर बनवा. काचेवर चिकटवून भोवती चौकट लावा. सिलिकॉन रबरात हार्डनर मिसळून कोपऱ्यातून बारीक धारेने ओता, म्हणजे बुडबुडे फुटतात. दुसऱ्या दिवशी मास्टर काढला की साचा तयार. रबर वाकतं, त्यामुळे खाचाखोचांतूनही चाक न तुटता निघतं. मग रेझिन ओता.

आपल्या खान्देशच्या उन्हाळ्यात रेझिन लवकर घट्ट होतं. भर दुपारी माझं तर कपातच जमलं! पहाटे, थोडं थोडंच कालवा. ग्लोव्हज, मास्क हवेतच. घासताना पाणी वापरा, धूळ उडत नाही.

माझ्या मास्टरचं मधलं छिद्र अर्धा मिमी सरकलेलं होतं. ते बाराही चाकांत उतरलं. काही चाकं टेकली, काही अधांतरी राहिली. साचा चूकसुद्धा इमानदारीने कॉपी करतो. म्हणून ओतण्याआधी व्हर्नियर लावा!